पगार वाढला, मग पुरत का नाही?

१. हिशेब कुठे चुकतो

"दिवाळीला पगार वाढवून मिळाला, तरी महिन्याच्या पंचविसाव्या तारखेला उसनवारी करावी लागतेच. पैसा जातो कुठे?" बार्शी-सोलापूर रस्त्यावरच्या वैरागात हा प्रश्न पतसंस्थेतला कारकून विचारतो, विनाअनुदानित शाळेतल्या बाई विचारतात आणि आडतीवरचा दिवाणजीही विचारतो. बहुतेकांनी उत्तरही मनाशी ठरवलेलं असतं: खर्च वाढलाय, हात आखडता घ्यायला हवा. हे उत्तर अर्धंच खरं आहे. त्यामुळे घरात भांडणं होतात आणि ज्याच्याशी बोलायला हवं तो मालक बाजूलाच राहतो.

साधा हिशेब मांडू. समजा, पगार महिना १५,००० रुपये होता आणि मालकाने पाच टक्के वाढ दिली. पगार झाला १५,७५०. त्याच वर्षात घरखर्चाच्या वस्तू सरासरी आठ टक्क्यांनी महागल्या. म्हणजे गेल्या वर्षी १५,००० रुपयांत जे सामान, भाडं, फी आणि औषधपाणी भागत होतं, त्यालाच आता १६,२०० लागतात. हातात ७५० रुपये जास्त आले, पण गरज १,२०० ने वाढली. महिन्याला ४५० रुपयांची खोट आली, तीही 'पगारवाढ' झाल्यावर.

नोटांत मोजलेला पगार आणि त्या पगारात बाजारातून येणारं सामान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्थशास्त्रात पहिल्याला नाममात्र वेतन म्हणतात आणि दुसऱ्याला वास्तव वेतन. आपल्या उदाहरणातल्या माणसाचं नाममात्र वेतन पाच टक्क्यांनी वाढलं, पण वास्तव वेतन जवळजवळ तीन टक्क्यांनी घटलं. मालकाने पगार कापला असता तर त्याने तक्रार केली असती. इथे त्याने पेढे वाटले.

शेतकऱ्याला हे चटकन कळेल अशा भाषेत सांगायचं तर महागाईची भरपाई म्हणजे बांधबंदिस्ती. पावसाने बांध फुटला की तो पुन्हा घालावा लागतो. त्याने रानात एक गुंठाही वाढत नाही, फक्त आहे ती माती वाहून जायची थांबते. दरवर्षी बांध घालून देणारा मालक 'तुला जमीन वाढवून दिली' असं म्हणू लागला, तर आपण ते ऐकून घेणार नाही. पगाराच्या बाबतीत मात्र बिनदिक्कत ऐकून घेतो.

या प्रकरणाचं सूत्र एवढंच आहे: पगारवाढ आणि महागाईची भरपाई या दोन मागण्या वेगळ्या ठेवायच्या आणि भरपाईसाठी रक्कम न मागता नियम मागायचा. नियम म्हणजे काय, तो कुठून आला, कुणाला मिळाला आणि कुणाच्या हातून निसटला, हे क्रमाने पाहू.

२. सालगड्याची ज्वारी

महागाईपासून पगार वाचवायची सर्वांत जुनी युक्ती कुठल्याही कायद्यात सापडणार नाही. ती शेतात होती. सोलापूर-मराठवाड्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं. वर्षाचे रुपये किती, उचल किती, कापडचोपड काय आणि सोबत ज्वारीची पोती किती, हे सगळं त्या दिवशी तोंडी ठरायचं. यातली ज्वारी फार मोलाची. समजा सहा पोती ठरली. मग शाळूचा भाव दुप्पट होवो की निम्मा, गड्याच्या घरात सहा पोतीच येणार. भाव चढला तर त्याचा भार मालकावर. रुपयांचा भाग महागाईने झिजायचा, पण धान्याचा भाग झिजायचा नाही.

बलुत्याचंही तसंच होतं. सुताराला, लोहाराला खळ्यावर धान्य मिळायचं. हे सांगताना जुन्या व्यवस्थेचा गोडवा गायचा नाही. त्या धान्यासोबत जातीची उतरंड आणि अपमानही येत होता, आणि दुष्काळात खळंच रिकामं राहिलं तर बलुतेदाराचं पोटही रिकामं राहायचं. तरी हिशेबाची बाजू ध्यानात घेण्यासारखी आहे: मजुरीचा एक भाग थेट वस्तूला बांधलेला असला की त्या भागाला महागाई लागत नाही.

हल्ली बहुतेक ठिकाणी साल पूर्ण रोखीत ठरतं. गड्यालाही रोख बरी वाटते, कारण मुलांची फी आणि मोबाईलचा रिचार्ज ज्वारीत भरता येत नाही. पण रोखीबरोबर ज्वारीतलं संरक्षण गेलं. आता पगार पोत्याऐवजी कशाला बांधायचा? उत्तर आहे, एका आकड्याला.

३. निर्देशांक म्हणजे किराण्याची यादी

तो आकडा म्हणजे ग्राहक किंमत निर्देशांक. तो काढायची रीत घरगुती आहे. कामगारांची शेकडो कुटुंबं महिनाभर कशावर किती खर्च करतात हे विचारून एक यादी बनवायची. ती यादी एका वर्षी जेवढ्याला पडली त्याला १०० म्हणायचं. मग दर महिन्याला त्याच दुकानांत जाऊन तीच यादी कितीला पडते ते पाहायचं. ११० झाली तर महागाई दहा टक्के.

हे काम भारत सरकारचा श्रम ब्यूरो करतो, आणि औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकासाठी देशभरातल्या ८८ केंद्रांतून भाव गोळा करतो. त्यातलं एक केंद्र सोलापूर आहे. सोलापूरचं हे स्थान फार जुनं. गिरण्यांमुळे मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातच सोलापूरच्या गिरणी कामगारांचे घरखर्च तपासले होते आणि जानेवारी १९२८ ला संपलेलं वर्ष १०० धरून सोलापूरचा स्वतंत्र निर्देशांक सुरू केला होता. जुन्या मिलचा भोंगा कधीच बंद झाला, पण सोलापूरच्या बाजारातल्या भावांची नोंद आजही चालू आहे.

सध्याच्या यादीचं पायाभूत वर्ष २०१६ आहे. त्यात शंभर रुपयांच्या खर्चातले ३९ रुपये १७ पैसे खाण्यापिण्याचे, १६.८७ घराचे, ६.०८ कपडे-चपलांचे, ५.५० इंधन-दिव्याचे, २.०७ पान-तंबाखू वगैरेचे आणि उरलेले ३०.३१ दवाखाना, शिक्षण, प्रवास, फोन अशा किरकोळीचे धरलेत. आधीच्या, २००१ च्या यादीत खाण्यापिण्याचा वाटा ४६.२ होता, आणि त्याआधीच्या १९८२ च्या यादीत ५७. कामगाराचा अन्नावरचा खर्च प्रमाणात घटत गेला आणि फी-दवाखाना वाढत गेला, ही कहाणी या तीन आकड्यांत आहे.

इथेच लोक हमखास विचारतात, "सरकारी आकडा सहा टक्के सांगतो आणि आम्हाला तर दहा टक्के महागाई दिसते. आकडा खोटा का?" खोटा असेलच असं नाही. समजा किराणा-भाजी दहा टक्क्यांनी महागली आणि बाकी सगळं तीन टक्क्यांनी. ज्या घरात शंभरातले ४० रुपये खाण्यावर जातात त्यांचा खर्च चार अधिक १.८० म्हणजे ५.८० टक्क्यांनी वाढला. ज्या घरात ६० रुपये खाण्यावर जातात त्यांचा सहा अधिक १.२० म्हणजे ७.२० टक्क्यांनी. बाजार एकच, भाव तेच, पण गरिबाच्या घरातली महागाई मोठी. निर्देशांक सरासरी घराचा असतो. ज्याचं घर त्या सरासरीच्या खाली आहे त्याला, खाणं बाकीच्यापेक्षा जास्त महागलं की, तो थोडा कमी पडतो.

आणि कधीकधी आकडा खरोखर चुकतोही. मुंबईच्या निर्देशांकात खरी महागाई उतरत नाही, अशी तक्रार कामगार संघटनांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला लावून धरली. महाराष्ट्र सरकारला १९६३ मध्ये अर्थतज्ज्ञ डी. टी. लकडावाला यांची समिती नेमावी लागली, आणि समितीने तक्रारीत तथ्य असल्याचं मान्य केलं. यादीतल्या एका जिनसाचा भाव कुठल्या दुकानातून घेतला यावर लाखो गिरणी कामगारांचा पगार ठरत होता. त्यामुळे युनियनच्या कार्यकर्त्याने निर्देशांकाला नाकं मुरडण्यापेक्षा तो वाचायला शिकावं, असं माझं मत आहे. तो दर महिन्याला जाहीर होतो आणि फुकट मिळतो.

४. ३५ टक्के आणि चाळीस दिवस

भरपाईचा नियम काही सरकारला अचानक सुचला नाही. तो भांडून मिळाला.

पहिल्या महायुद्धात धान्य आणि कापडाचे भाव भडकले. अहमदाबादच्या गिरणीमालकांनी प्लेगच्या साथीत मजूर पळून जाऊ नयेत म्हणून 'प्लेग बोनस' दिला होता. साथ ओसरल्यावर १९१८ च्या सुरुवातीला त्यांनी तो बंद केला. भाव मात्र उतरले नव्हते. मजूर ५० टक्के वाढ मागत होते, मालक २० वर अडले होते. गांधीजींनी सहकाऱ्यांकडून खर्चाची आणि मजुरीची माहिती गोळा करवली आणि ३५ टक्के हा आकडा ठरवला. मजुरांना ५० वरून खाली आणायला त्यांना बरंच समजवावं लागलं. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई आणि मजुरांच्या बाजूला त्यांचीच बहीण अनसूयाबेन, असा तो लढा होता. शेवटी लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी ३५ टक्केच मान्य केले. मला यात गांधीजींनी केलेल्या उपोषणापेक्षा ती आधी केलेली आकडेमोड जास्त महत्त्वाची वाटते. वाटाघाटीला बसण्यापूर्वी दुसऱ्या बाजूला खोडता येणार नाही असा आकडा त्यांच्या खिशात होता.

मुंबईच्या गिरण्यांत जानेवारी १९१९ मध्ये महागाईवरूनच लाखाहून अधिक कामगार बाहेर पडले. दुसरं महायुद्ध सुरू होताच तोच पेच पुन्हा आला, आणि मार्च १९४० मध्ये मुंबईचे गिरणी कामगार महागाई भत्त्यासाठी चाळीस दिवस संपावर गेले. याच काळात भत्ता ही कायमची गोष्ट बनली. आधी ती लढाईपुरती तात्पुरती मदत समजली जायची. भाव पुन्हा खाली येतील, असं सगळ्यांनाच वाटत होतं. ते आले नाहीत.

५. सरकारी नोकराचं सूत्र

कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधला कामगार आणि वैरागच्या खासगी गोदामातला कामगार यांच्यात पगारापेक्षा मोठा फरक एका सूत्राचा आहे. सातव्या वेतन आयोगाच्या पगारात महागाई भत्ता असा निघतो: निर्देशांकाची मागच्या बारा महिन्यांची सरासरी घ्यायची, ती २६१.४२ च्या किती टक्के वर गेली ते पाहायचं, तेवढे टक्के मूळ वेतनावर भत्ता. २६१.४२ ही जुन्या, २००१ च्या मालिकेतली आयोग लागू झाला तेव्हाची पातळी आहे. आता मालिका २०१६ ची असल्याने आकडा २.८८ ने गुणून जुन्या मापात आणतात.

करून पाहू. समजा बारा महिन्यांची सरासरी १४० आहे. १४० गुणिले २.८८ म्हणजे ४०३.२. त्यातून २६१.४२ वजा केले की १४१.७८ उरतात. ते २६१.४२ ने भागले की ५४.२३ टक्के येतात. अपूर्णांक सोडून ५४. मूळ वेतन ३०,००० असेल तर भत्ता १६,२०० रुपये. यात साहेबाची मर्जी कुठेच आली नाही. जानेवारी आणि जुलै अशी वर्षातून दोनदा ही आकडेमोड होते. बारा महिन्यांची सरासरी घेण्यात शहाणपण आहे, कारण एखाद्या महिन्यात कांदा-टोमॅटो भडकले म्हणून भत्ता उडी मारत नाही, आणि ते उतरले म्हणून कोसळतही नाही.

पूर्वी वरच्या पगारवाल्यांना पूर्ण भरपाई नव्हती. चौथ्या आयोगाच्या काळात ३,५०० पर्यंत मूळ वेतन असलेल्यांना शंभर टक्के, त्यावर ६,००० पर्यंत ७५ टक्के आणि त्याहून वर ६५ टक्के भरपाई मिळे. पाचव्या आयोगाने सगळ्यांना पूर्ण दिली. ही पायरीची पद्धत लक्षात ठेवा. छोट्या मालकाशी तडजोड करताना ती पुन्हा कामाला येईल.

राज्य सरकारच्या नोकरांना हे सहज मिळालं नाही. केंद्राच्या दराने महागाई भत्ता ही मागणी घेऊन र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९७७ मध्ये महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी संपावर गेले. संप ५४ दिवस चालला, तेव्हा वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. आज केंद्राने भत्ता वाढवला की काही महिन्यांनी राज्याचा आदेश निघतो आणि अनुदानित शाळेतल्या शिक्षकापर्यंत तो पोचतो. त्याची सवय इतकी झाली आहे की त्यामागचे ५४ दिवस कुणाला आठवत नाहीत.

पण सूत्रावरही टाच येते. करोनाच्या काळात केंद्राने जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ असे भत्त्याचे तीन हप्ते गोठवले. जुलै २०२१ पासून भत्ता १७ वरून एकदम २८ टक्के केला, पण मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी दिली नाही. सूत्र शाबूत राहिलं, मात्र त्या दीड वर्षातली महागाई नोकरांनी पदरची सोसली. करारात थकबाकीची ओळ का हवी, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

६. एसटी: रक्कम मिळाली, नियम?

बार्शी आगाराच्या गाडीतून वैरागला उतरणाऱ्याला हा विषय तिकिटातच भेटतो. एसटीचं भाडं हकीम समितीच्या सूत्राने ठरतं. डिझेल, टायर, गाडीचा सांगाडा आणि कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता यांचे दर वाढले की भाडेवाढीची टक्केवारी निघते. जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ झाली ती याच वाटेने. म्हणजे तिकीट महागाईला बांधलेलं आहे.

तिकीट फाडणाऱ्याचा पगार मात्र तितका घट्ट बांधलेला नव्हता. एसटीत वेतन करारांनी ठरत आलं, करार लांबत गेले आणि सरकारी नोकराच्या तुलनेत कंडक्टर-ड्रायव्हर मागे पडत गेले. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. एसटीचं सरकारमध्ये विलीनीकरण करा, ही मुख्य मागणी होती, आणि तिच्या पोटात हाच हिशेब होता: सरकारी नोकर झालो की सूत्र आपोआप लागू होईल.

विलीनीकरण झालं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारने मूळ वेतनात वाढ जाहीर केली: दहा वर्षांपर्यंत सेवा असलेल्यांना ५,०००, वीसपर्यंत ४,००० आणि त्यावर २,५०० रुपये. कमी पगारवाल्याला जास्त, हे न्यायाचंच वाटतं. पण पंचवीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला आपली सेवा कमी मोजली गेली असं वाटलं, आणि दोन पिढ्यांच्या पगारातलं अंतर एका झटक्यात आकसलं. सप्टेंबर २०२४ च्या संपानंतर ही वाढ एप्रिल २०२० पासून सरसकट ६,५०० धरायचं ठरलं. ज्यांना आधी ५,००० मिळाले होते त्यांना १,५०० आणि ज्यांना २,५०० मिळाले होते त्यांना ४,००० अधिक.

ठोक रक्कम आणि टक्केवारी यांतला फरक इथे दिसतो. ठोक रकमेने खालच्याला दिलासा मिळतो, टक्केवारीने ज्याचं त्याचं अंतर टिकतं. महागाईची भरपाई टक्क्यांत मागावी, आणि अन्याय दूर करायची वाढ हवी तर ठोक मागावी. दोन्ही एकाच कागदात कोंबल्या की पुढच्या वाटाघाटीत कुठली कशाची होती हे कुणालाच सांगता येत नाही.

७. तीन वर्षांचा करार

ऊसतोड कामगारांचे दर साखर संघ आणि संघटना यांच्यात लवादाने ठरतात. ऑक्टोबर २०२० मध्ये १४ टक्के वाढ ठरली. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ तीन वर्षांसाठी ठरली. ३४ हा आकडा मोठा वाटतो. पण वर्षाला सहा टक्के महागाई धरली तर तीन वर्षांत भाव १९ टक्क्यांनी चढतात. पहिल्या हंगामात कामगार पुढे, तिसऱ्यात तो त्यातला बराच भाग हरवून बसतो, आणि नवा करार लांबला तर चौथ्याच्या सुरुवातीला आणखी मागे. मुदतीच्या कराराचा हा स्वभावच आहे. त्यावर उपाय सोपा, पण मागायला जड: करार तीन वर्षांचा असू द्या, पण त्यात दरवर्षी निर्देशांकाप्रमाणे दर सरकेल अशी एक ओळ घाला.

८. "भत्ता वाढवला तर महागाई आणखी वाढेल"

मालकाचं हे उत्तर ठरलेलं असतं आणि त्यात थोडं तथ्य आहे. एसटीच्याच सूत्रात पाहा: भत्ता वाढला की तिकीट वाढतं, तिकीट निर्देशांकात येतं, निर्देशांकाने भत्ता वाढतो. हे चक्र देशभर फिरू लागलं तर काय होतं हे इटलीने पाहिलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे पगार आपोआप भावांबरोबर सरकत असत. सत्तरच्या दशकात तेल भडकलं तशी महागाईही भडकली, तेव्हा या सरकत्या पगारावर बोट ठेवलं गेलं. १९८५ मध्ये त्यावर सार्वमत झालं आणि १९९२ मध्ये ती पद्धत मोडीत निघाली. उलट अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कामगारांनी १९४८ मध्ये करारात घालून घेतलेलं महागाईचं कलम २००९ च्या मंदीत सोडलं आणि २०२३ च्या संपात परत मिळवलं.

मात्र वैरागातल्या डाळमिलच्या पाच कामगारांना निर्देशांकाप्रमाणे पगार दिल्याने भारतात महागाई वाढेल, हे ऐकून घेण्याचं कारण नाही. मालकाची खरी अडचण वेगळी असते, आणि ती ऐकायला हवी: त्याचं स्वतःचं उत्पन्न निर्देशांकाला बांधलेलं नसतं. तुरीचा भाव पडला की डाळमिलचा नफा जातो. अशा मालकापुढे पूर्ण भरपाईचा हट्ट धरला तर तो दोन माणसं कमी करेल. तिथे पायऱ्या लावाव्यात: महागाई पाच टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भरपाई, त्यावरच्या भागाची निम्मी. आठ टक्के महागाईला मग साडेसहा टक्के मिळतील. दीड टक्का सोसावा लागेल, पण नियम कागदावर येईल.

९. कागदावर काय लिहून घ्यायचं

आधी एक गोष्ट तपासा: तुमचं काम राज्याच्या किमान वेतनाच्या कुठल्या यादीत बसतं. महाराष्ट्रात किमान वेतनात मूळ दर आणि विशेष भत्ता असे दोन भाग असतात, आणि विशेष भत्ता निर्देशांकाप्रमाणे दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो. सोलापूरच्या विडी कामगार बायांना हे पाठ असतं, कारण त्यांची मजुरी हजार विड्यांमागे याच रीतीने ठरते. किराणा दुकानातल्या पोराला मात्र आपल्याला असा भत्ता लागू आहे हेच माहीत नसतं. हे मागणं नाही, हक्क आहे. वाटाघाट त्याच्या वरच्या भागाची.

त्या भागासाठी साध्या मराठीत अर्ध्या पानाचा मजकूर पुरतो. त्यात कुठला निर्देशांक ते नाव घेऊन लिहावं: औद्योगिक कामगारांचा अखिल भारतीय की सोलापूर केंद्राचा. माझा कल अखिल भारतीयकडे, कारण एकाच केंद्राचा आकडा घरभाड्यासारख्या एखाद्या गोष्टीने फार हेलकावतो. मोजणी कुठल्या महिन्यापासून सुरू होते आणि वाढ कधी लागू होते ते लिहावं. सरकारी आकडा उशिरा आला तर फरक मागील तारखेपासून मिळेल, हेही. निर्देशांक खाली गेला तर पगार कमी होणार नाही, ही ओळ मालकालाही फार जड जात नाही, कारण वर्षभराची सरासरी सहसा खाली जात नाही.

सर्वांत जास्त भांडावं ते या वाढीच्या नावावर. मालक हौसेने 'प्रवास भत्ता' किंवा 'विशेष प्रोत्साहन' म्हणून रक्कम देतो आणि हातात पडणारे रुपये तेवढेच असतात, त्यामुळे कुणी बोलत नाही. पण भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांचा हिशेब मुख्यतः मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांवर होतो. ग्रॅच्युइटीचं उदाहरण घ्या. पूर्ण २०,००० मूळ व महागाई भत्ता असेल तर वीस वर्षांनी २०,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले २०, म्हणजे सुमारे २,३०,७७० रुपये. त्याच २०,००० पैकी ८,००० प्रवास भत्ता दाखवला तर हिशेब १२,००० वर होतो आणि सुमारे १,३८,४६० मिळतात. ९२,००० रुपये एका शब्दापायी गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या वेतन संहितेने एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर जाणाऱ्या भत्त्यांच्या भागाला वेतनातच धरायचं ठरवलं आहे, पण आपल्या उदाहरणातले ४० टक्के त्या चाळणीतूनही निसटतात.

युनियन नसलेल्या ठिकाणी एकट्याने जाऊ नये, चौघांनी मिळून अर्ज द्यावा. भावांची जंत्री सोबत न्यावी: गेल्या वर्षीची आणि या वर्षीची किराण्याची दोन बिलं, शाळेच्या फीच्या दोन पावत्या, घरभाडं. मालकही त्याच बाजारात तूरडाळ घेतो. बिलं समोर असली की 'तुमच्या गरजा वाढल्यात' हे वाक्य तोंडात अडकतं.

१०. निवृत्तीनंतर

जे करारात बसवता येत नाही तेही सांगायला हवं. साखर कारखाना, सूतगिरणी, एसटी आणि पतसंस्था इथून निवृत्त होणाऱ्यांना १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून पैसे मिळतात. त्या योजनेत महागाईची भरपाई नाही. किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये ठरलं. वर्षाला पाच टक्के महागाई धरली तरी त्या हजाराचं काम करायला अकरा वर्षांनी सुमारे १,७१० लागतात. निवृत्तिवेतनाचा हिशेबही २०१४ साली ठरलेल्या १५,००० रुपयांच्या मर्यादेतल्या पगारावर होतो. त्यामुळे पगार ४०,००० असला आणि नोकरी तीस वर्षं झाली असली, तरी १५,००० गुणिले ३० भागिले ७०, म्हणजे साडेसहा हजारांच्या आसपासच रक्कम बसते. वीस किंवा जास्त वर्षांच्या सेवेला मिळणारी दोन वर्षांची सवलत धरली तर ती सातच्या जवळ जाते. कुर्डुवाडीच्या जुन्या रेल्वे कामगाराला निम्मं मूळ वेतन आणि त्यावर दर सहा महिन्यांनी सरकणारा महागाई दिलासा मिळतो. मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी जुन्या निवृत्तिवेतनासाठी संपावर उतरले, त्यात या सरकत्या दिलाशाचा वाटा मोठा होता.

एसटीच्या ड्रायव्हरला किंवा पतसंस्थेच्या कारकुनाला हे आगार व्यवस्थापकाकडून किंवा चेअरमनकडून मागता येणार नाही. तो निर्णय दिल्लीत होतो. वैरागात बसून त्याला एवढंच करता येतं: नोकरीत असेपर्यंत मिळणारी प्रत्येक वाढ मूळ वेतन किंवा महागाई भत्ता म्हणूनच नोंदवून घ्यायची, म्हणजे निर्वाह निधीत आपली आणि मालकाची, दोघांचीही वर्गणी वाढू शकते. आणि दरवर्षी खातेपुस्तिका उघडून, मालकाचा हिस्सा कुठल्या आकड्यावर पडला आहे ते पाहायचं.